शेवंताला पाहायला आलेली घड्याळवाली

अक्का, आधी आली एक घड्याळवाली बाई, मागून पेटी घेऊन एक मास्तर. थांब, आधी तुझ्या पाया पडते. जालन्यात लेकाकडं आम्ही सुखरूप. तुझा गुडघा कसाय?

"तुमची नात पाहायचीय," बाई म्हणाली. मी पोहे भिजवले, मंग म्हटलं, "शेवंता नऊ वर्षांची, बिलकुल द्यायची न्हाई!"

ती हसली. गोल-चौकोनी खाचांची फळी काढून, घड्याळात वेळ मोजत लाकडी तुकडे बसवायला लावले. शाळेनं ढ म्हणून काढलेली आपली शेवंता, सगळे बराबर बसवले गं! मला तर चांदणीची जागाच सापडली न्हाई.

बाई म्हणे, मुंबईला अशा मागं पडलेल्या लेकरांची वेगळी शाळा हाय, तिथं ठेवा. एवढी हुशार, तर न्यायची कशाला? मास्तर सारखा लिहून राह्यला, मला दाखवीना.

तू गुरुवारीच ये. ते शुक्रवारी परत येतो म्हणालेत.

तुझी धाकटी, गोदी