धर्माजीकाकांच्या फोनची रिंगटोन

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

आजपासून मी सॉफ्टवेअर इंजिनियर! सदूनेच गिऱ्हाइकाला तसं सांगितलं. सदू म्हणजे दुकानाचा मालक, आणि मी झोपतो त्या पोटमाळ्याचाही. दहावी तीन हप्त्यांत काढलेल्या माणसाला याहून मोठी पदवी कोण देणार?

काम एवढंच — जुन्या मोबाइलमध्ये कॉम्प्युटरवरून रिंगटोन घालणे. नव्या फोनात गाणं टाकलं की वाजतं. जुन्यांचे नखरे फार. गाणं कापा, त्यांच्या पोटात मावेल एवढं करा, त्यांना पचेल अशा फाइलीत बदला, मग केबल लावा. केबल ढिली. रबरबँड गुंडाळून, वर अंगठा दाबून, श्वास रोखून बसायचं. नव्वद टक्क्यांवर सुटते. ऐंशीवर नाही, पंच्याण्णववर नाही — नव्वदवरच!

सुरतेला टिकलो, पनवेलला टिकलो, त्याहून जास्त दिवस या जेसल पार्कात टिकलोय. आईला कळवायला पाहिजे. नको. कळवलं की पगार विचारेल.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आईचा फोन रोज संध्याकाळी. चिपळूणचा नंबर दिसतो, मी उचलत नाही, थोडा वाजून बंद होतो. सदू म्हणाला, उचल ना यार, आई आहे. म्हटलं, तू उचल, तुलाही माझा पगार विचारेल.

आज भारी आयडिया केली. फक्त आईच्या नंबरासाठी वेगळी टोन. वीस सेकंद — काहीच नाही. काहीच नसलेली फाइल बनवायलासुद्धा कॉम्प्युटर लागतो, हे कोणत्या शाळेत शिकवतात? मला त्रास नाही, तिला पत्ता नाही. दोघंही सुखी.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

राई गावची एक बाई आली. अनसूया नाव, हाटकेशला बटणांच्या कारखान्यात पॅकिंग करते. काउंटरवर एक जुना फोन आपटला आणि म्हणाली, "माझ्या बापसाला ऐकाला येत न्हाय. असा आवाज टाक का मेलेला उठंल."

मी विचारलं, कसला आवाज हवा? तर तिने आवाज सोडून बाकी सगळं सांगितलं. तिचा भाऊ राघो मोठ्या बोटीवर खलाशी. बापाशी भांडून गेला, कारण बापाची होडी त्याला नको होती. बाप त्याला सोडायलासुद्धा गेला नाही. आता जिथे बोट लागेल तिथून घरी फोन करतो — नेमका दुपारी, ही कारखान्यात असताना. वाजून वाजून थांबतो, म्हातारा उचलत नाही. स्क्रीनवर नंबरही येत नाही, म्हणजे उलटा लावायची सोय नाही. शेवटी राघोने कारखान्याच्या ऑफिसात फोन केला (सुपरवायझरचं तोंड अजून वाकडं आहे म्हणे). त्याचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. घरी यायचं की आणखी वर्षभरासाठी सही करायची? ही म्हणाली, ये. तो म्हणाला, बाबानं सांगितलं तरच येईन.

मग बाबाला सांगा की सरळ, मी म्हटलं. तर माझ्याकडे अशी बघितली जणू मी होडीला भोक पाडायला सांगितलं. सांगितलं तर मुद्दाम नाही म्हणेल, हट्टी आहे. राघोचा आवाज कानावर पडला की आपोआप विरघळेल. पण कानावर पडेल तर ना! परवा हिने विचारलं, राघोचा फोन आलेला का? तर मान हलवून म्हणतो, बरा हाय. विचारावं एक, ऐकतो भलतंच.

थोडक्यात, एका माणसाचं अख्खं वर्ष माझ्या अंगठ्याखाली. केबलसकट.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

ट्रकचा हॉर्न! कॉम्प्युटरचा माइक वायरीसकट दाराबाहेर ताणला, ट्रकवाल्याला चहा पाजला, हॉर्न वाजवून घेतला. कापला, बारीक केला, बदलला. केबल अर्थात नव्वदवर सुटली. पुन्हा. वाजवून बघितला तेव्हा पत्र्याच्या डब्यात बकरा कोंडल्यासारखा वाटला, पण आवाज तुफान. शेजारचा फरसाणवाला बाहेर आला — "अरे भाई, किसका ट्रक घुसा?" पास!

रविवार, १२ नोव्हेंबर

फोन कालच राईला पोचवायचा होता. बसमध्ये बसलोही. वाटेत मिठागरं दिसली, मीठ नेमकं कसं जमतं बघावं म्हणून उतरलो. संध्याकाळ झाली. मीठ कसं जमतं ते अजून कळलेलं नाही.

आज पोचवला. अनसूयाताई म्हणाली, तुझ्या आयशीचं कौतुक हाय.

बुधवार, १५ नोव्हेंबर

हॉर्न नापास. राघोचा फोन सोमवारी आला, काल आला. शेजारणीच्या कोंबड्या उधळल्या, कुत्रा कुंपणाबाहेर पळाला, अनसूयाताईचे वडील, धर्माजीकाका, जाळ्याची गाठ मारत बसलेले. शेजारणीने डोळ्याने बघितलं.

सदूचं डोकं चाललं — सवयीचा आवाज टाक. म्हणाला, माझ्या बायकोने बाजारातून हाक मारली तर मला घरात ऐकू येते. मग अनसूयाताईच्या हाकेचंच रेकॉर्डिंग! आधी लाजली. माइकपुढे कुजबुजायला लागली. मी म्हटलं, ताई, समजा काका खाडीच्या पलीकडे आहेत आणि भरती आलीय. मग जी हाक निघाली — बाबाऽऽ, ओ बाबाऽऽ! झेरॉक्स काढायला आलेल्या मास्तरांच्या हातातले कागद खाली. मशीनमध्ये काय अडकलं ते सदू अजून शोधतोय.

फाइल आत गेली. नव्वदवर सुटली नाही! घाबरलो.

शनिवार, १८ नोव्हेंबर

दुपारी अनसूयाताई आली. हातात मोठा डबा, डब्यात गच्च भात.

"खा. घरात आणखी दोन टोप हायत."

झालं असं. रोज सुटल्यावर ती कारखान्याच्या गेटजवळच्या सार्वजनिक फोनच्या लाल डब्यात रुपया टाकते, घरी रिंग देते, ठेवते. रुपया परत पडतो. घरी रिंग वाजली की बाप समजतो पोरगी निघाली, आणि भात चढवतो. ती पोचेपर्यंत भात तयार. ठरलेलं. काल राघोने दुपारी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा फोनमधून अनसूयाताईची हाक — बाबाऽऽ! काकांनी दोन्ही वेळा भात चढवला. संध्याकाळी तिची खरी रिंग आली. तिसरा टोप.

सदू भात खातखात म्हणाला, केस सॉल्व, ऐकू येतंय! पुढे हसणार होता. ताईचं तोंड बघून गप्प झाला.

कारण ऐकू येतंय — मग उचलत का नाही? कानाचं दुखणं असतं तर बरं होतं. इतके दिवस मुद्दाम बसून राहिलाय, असं तिचं म्हणणं. पोराचा राग अजून पोटात धरलाय. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, आता वाजो का न वाजो. रोज आपली रिंग ऐकू येते त्याला, हे इतके दिवस माझ्याच डोक्यात कसं आलं नाही — असंही काहीतरी पुटपुटली. आमच्या डोक्यात तरी कुठे आलं? आम्ही दोघं तर इंजिनियर.

भात मऊ होता. लोणचं नव्हतं.

रविवार, १९ नोव्हेंबर

जेवताना खणातून हाक आली — बाबाऽऽ, ओ बाबाऽऽ! फोन काकांचा. नंबर नाही. उचलला.

"बाबा?"

मी म्हटलं, नाही, मोबाइलच्या दुकानातून बोलतोय. पलीकडून हळू आवाजात विचारलं, "फोन विकला का त्यानं?"

मी नाही-नाही म्हणेपर्यंत लाइन गेली. पुन्हा आलाच नाही.

शाब्बास पिंटू. एक काम धड नाही, अशी आईची पाटी आहे माझ्यावर. खरी करून दाखवली.

सोमवार, २० नोव्हेंबर

सकाळीच राईला. मिठागरांकडे बघितलंसुद्धा नाही.

धर्माजीकाका दारात जाळं घेऊन बसलेले. मी उंबऱ्यापासून लांब, तोंड फिरवून, अगदी हळू म्हटलं — काका, पाणी मिळेल का? लगेच उठून तांब्या आणला. कान? माझ्यापेक्षा बरे!

चिडलोच. म्हटलं, ऐकू येतं तर राघोचा फोन उचलत का नाही? ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू येडा मी आहे.

"कशाला उचलू? पोराचा रुपया जाईल."

मग त्यांनी मला समजावलं. लहान पोराला समजावतात तसं. फोन नवीन असताना अनसूयाची रिंग त्यांनी उचलली होती. रुपया डब्यात पडला. पोरगी घरी येऊन बोलली — वाजला का उचलायचा न्हाय, वाजला म्हणजे समजायचं. तेव्हापासून नाही उचलला. एकदासुद्धा नाही. संध्याकाळी अनसूयाची वाजते, म्हणजे निघाली. दुपारी राघोची वाजते, म्हणजे बरा हाय.

अनसूयाताईला सांगितलेलं "बरा हाय" ते हे! भलतंच ऐकणारे आम्ही.

मी म्हटलं, अहो काका, पण मिस कॉल थोडाच वेळ देतात. तो तर शेवटपर्यंत वाजवतो!

"मंग? बरा असल्याबिगर मानूस एवढा येळ उभा राहील का डब्यापाशी?"

जाळ्यातली गाठ ओढली. मग तोंड खाली घालूनच म्हणाले, भांडून गेला, पन रिंग द्यायची सोडली न्हाय त्यानं.

मी सगळं सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट, सही, 'बाबानं सांगितलं तर'. म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवलं. माझ्या हातून फोन घेतला, बनियनला पुसला, मांडीवर ठेवला. कालचंही सांगितलं — की तो विचारत होता, फोन विकला का. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

निघताना म्हणाले, पोरीची हाक काढ यातून, भाताला हात जातो. आधीची टिंगटिंग होती तीच बरी होती. म्हणजे हॉर्न, माइक, चहा, केबल, मास्तरांची झेरॉक्स — एवढं करून सॉफ्टवेअर इंजिनियरने काय केलं? होतं तसं करून दिलं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

अनसूयाताईला सांगितलं. म्हणाली, मीच ओरडलेले तेव्हा. एका रुपयासाठी. आणि मी घरी पोचल्यावर त्यानं त्या रात्री भात वाढला न्हाय, माझ्यापुढं टोप ठेवला न गेला झोपायला. तेव्हाच कळाला पायजे होता मना, त्याला लागलं.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

फोन नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

नाही. काका दोन दिवस होडीकडे गेलेले नाहीत, फोन मांडीवर. आज मला विचारलं, बिघडला तर न्हाय ना? मी माझ्या मोबाइलवरून रिंग देऊन दाखवली. वाजला. त्यांनी सवयीने नाही उचलला!

सदू म्हणतो, रोज दुपारी राईला पिकनिक, पगार कापतो. काप. आधी दे, मग काप.

रविवार, २६ नोव्हेंबर

वाजला! टिंगटिंग. नंबर नाही.

काका बघतच राहिले. मी म्हटलं, काका, हिरवं बटण. अंगठा बटणावर ठेवला, पण दाबेनात. अनसूयाताईला आज सुट्टी, ती दाराच्या आत उभी, भिंतीला धरून. मी दाबणार तेवढ्यात त्यांनीच दाबलं. फोन कानाला उलटा लावला. सुलटा केला.

"राघो?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काका मग एकदम घाईघाईने, कुणीतरी मागे लागल्यासारखं —

"अरं, पैसं जातात. तू ये. हितं बसून बोल."

आणि ठेवला!

इतक्या दिवसांची ती एक गोष्ट — आणि एवढ्यात उरकली. अनसूयाताई भिंत धरून रडायला लागली आणि रडताना हसत होती, किंवा उलट. काका मला विचारत होते, किती गेलं असंल? म्हटलं, काही नाही काका, रविवारी फुकट असतं. थाप.

"ये" म्हणाले ते पैसे वाचवायला, की पैशाचं नाव पुढे करून? विचारणार होतो. ते उठून भात चढवायला गेले.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

कारखान्याच्या ऑफिसात राघोचा फोन. सही केली नाही. येतोय. सुपरवायझरचं तोंड आणखी वाकडं.

बुधवार, २९ नोव्हेंबर

आईच्या नंबरावरची सायलेन्स काढली. संध्याकाळी वाजला. उचलला.

दचकली. म्हणाली, "उचललास कशाला? काही झालं का?" मी म्हटलं, काही नाही, सहज. तर म्हणते, "तू उचलावंस म्हणून मी कधी करतच नाही रे. वाजतो का ते ऐकते. वाजला की बंद करते. आहेस कुठेतरी, एवढं कळतं. ठेव आता, पैसे जातायत."

तिच्या कानात रोज वाजत होता.