डोकं ठिकाणावर असताना

मी, कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानाची मालकीण, जिला गल्लीत सगळे इस्त्रीवाली आजी म्हणतात, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. शिक्षण दुसरी, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघू नये, मजकूर बघावा. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. माझा एकुलता एक मुलगा गल्लीभर उलटं सांगत फिरतो, म्हणून लिहिलं आहे.

कलम एक. दुकान, वरची खोली, दोन्ही इस्त्र्या आणि टेबल माझ्या सुनेला. मुलाला त्यात हिस्सा नाही. सून फटकळ आहे, बिनसलं की माझ्याशी बोलत नाही, पण कॉलर आधी उलट्या बाजूने दाबते, टोकाकडून मधे. मुलाने आयुष्यात कपडे फक्त चुरगाळले.

कलम दोन, याचं कारण. मी प्रार्थना रोज दोनदा म्हणते. पहिल्यांदा नुसतं तोंड म्हणतं, मन दुकानात असतं, कोणाची पँट राहिली, कोणाची बाही करपली. म्हणून पुन्हा म्हणते, ती देवासाठी. देवाबद्दल मला एवढंच कळलं आहे की त्याला घाई नसते. मुलगा ते भिंतीपलीकडून ऐकायचा. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. "आईला आत्ताचं आत्ता आठवत नाही," असं सांगून त्याने वृद्धाश्रमात माझी खाट ठरवली आणि दुकान विकायला गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

मग एका माणसाला घेऊन आला. "आई, हे नवीन गिऱ्हाईक." त्यांच्या हातात शर्ट, आधीच कडक इस्त्रीचा.

"आजी, आज वार कोणता?"

"वार सांगते. आधी याला इस्त्री कशाला, ते तुम्ही सांगा."

तो माणूस हसला. मुलगा हसला नाही. मुलगा फोन घ्यायला बाहेर गेल्यावर त्या माणसाने कबूल केलं की ते डॉक्टर आहेत, आणि कशासाठी आणलंय तेही सांगितलं. मी म्हटलं, तपासा मग नीट. त्यांनी तपासलं. आज साक्षीला तेच आहेत. म्हातारी भ्रमिष्ट होती असं उद्या कोणी म्हणालं, तर त्यांना विचारावं.

कलम तीन. सुनेने मुलाला घराबाहेर काढू नये. माणूस घराबाहेर काढायची सवय या घरात एकालाच लागली, तेवढी पुरे. चावी मात्र सुनेकडे.

कलम चार. राग. वर्षभर देवाकडे मागितलं, एवढा राग जाऊ दे. वर्ष संपलं, राग आहे तिथेच आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही. सुनेनेही चालवायला घेऊ नये, नवऱ्याला ऐकवायला तिचं स्वतःचं भरपूर आहे. माफ करणं मला जमलं नाही, हे देवाला तोंडावर सांगितलं आहे.

हे लिहीत असताना मुलगा आत आला.

"काय लिहितेस गं?"

"कपड्यांची यादी."

"डोळे दुखतील तुझे. दे, मी लिहितो."

खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हात मी झटकला नाही. बराच वेळ ठेवू दिला.

कलम एक बदललेलं नाही.

सही: इस्त्रीवाली आजी
साक्षीदार: १) समोरचे शिंपी २) डॉक्टर
ठिकाण: दुकानातलं टेबल
दिनांक: ३१ डिसेंबर