पाल्मिराबाईंची अट

रोम, ३ मार्च १९६९

लाडक्या लोर्नाताईला धाकट्या एल्मरचा नमस्कार,

दाजींची कंबर कशी आहे? माझी शाबूत आहे (पिक्चर बघून रडत जाऊ नकोस, खाली गाद्या असतात). ‘दहा वर्षं झाली, आता ओहायोला परत ये’ असं लिहिलंस. पण ताई, अमेरिकेत मला कुठल्या स्टुडिओनं दारात उभं केलं नाही, आणि इथं माझं वाकडं नाक बघून पहिल्याच दिवशी डाकू केलं. एकतीस पिक्चर, एकतीस मरणं. या लोकांचे उपकार कुठल्या जन्मी फिटणार?

अडलं होतं ते लग्नापाशी. एर्सिलिया आमच्या कपडेपटात आहे, माझ्या शर्टांवरचं खोटं रक्त तीच धुते. तिच्या आई पाल्मिराबाई दर रविवारी सिनेमाला जातात. त्या म्हणाल्या, “या माणसाला एकतीसदा मरताना पाहिलंय मी. पोरगी काय विधवा व्हायला वाढवली? एका तरी पिक्चरमधून जिवंत बाहेर पड म्हणावं, मग बघू.”

मी आमच्या डायरेक्टरचे, कोर्रादोंचे, पाय धरले. देवमाणूस. माझ्यासाठी कथा बदलली त्यांनी: हिरोची गोळी चुकते, मी पळून जातो. सगळं युनिट खूश. मी छपरावर उभा, गोळीचा आवाज झाला, आणि ताई, दहा वर्षांची सवय गं. छाती धरली, दोन गिरक्या घेतल्या, छपरासकट खाली. (इतकं सुरेख मरण मला आजवर साधलं नव्हतं.)

“गाढवा,” कोर्रादो म्हणाले, “जगायला सांगितलं होतं ना? एवढं एकच काम.”

छप्परच मोडलं, त्यामुळे पुन्हा शॉट घेणं शक्य नव्हतं. पण एडिटरनं माझं पडणं कापलं आणि जुन्या पिक्चरमधला घोड्यावरून पळणारा डाकू तिथं चिकटवला. त्याला दाढी आहे, मला नाही. असो. परवा पिक्चर लागलं. पाल्मिराबाईंनी पाहिलं, डोळे पुसले आणि एर्सिलियाला म्हणाल्या, “घोड्यावर रुबाबदार दिसतो की गं. दाढी ठेव म्हणावं.” लग्न ईस्टरनंतर आहे.

तूर्तास जिवंत असलेला,
एल्मर

ता.क. पाद्रीबाबांना मी अविवाहित असल्याचा आपल्या गावच्या कचेरीतला दाखला हवाय. तेवढा पाठव.

आणखी एक ता.क. घोड्यावरचा तो मी नव्हे, आमच्याच युनिटमधला ओरेस्ते आहे. तोही अविवाहित आहे. दाखला विमानाच्या टपालानं पाठव.