लोणपाटीचा गडी

माघ शुद्ध ११, शके १७८६. अमरावती
आज लिहीन, उद्या लिहीन – महिना गेला! दौत वाळली, तिच्यात पाणी घातलं, म्हणून अक्षर फिकं.
अकोल्याहून कापसाच्या रिकाम्या गाडीत बसून नुसताच हिंडत आलो. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या! यंदा कापसाच्या भावानं बैलही सावकार झालेत. – तर, आडत्या केशवरावांच्या मैदानावर आट्यापाट्या चालल्या होत्या. त्यांचा गडी शेषराव गुडघा धरून बसलेला. मी त्याच्या जागी, लोणपाटीवर म्हणजे शेवटच्या रेघेवर, उभा राहिलो. एकाला पार होऊ दिलं नाही. केशवराव ओरडले, "लाव ते माती कपाळाले!" मला वाटलं, कौतुक. लावली.
मग कळलं. ज्यानं या मैदानाची माती लावली, त्यानं गाव सोडायचं नाही – दुसरा कोणी आपणहून त्याच्या जागी माती लावेपर्यंत. आधी एकानंही सांगितलं नाही!

माघ शुद्ध १४
धावणारे सगळं मैदान हिंडतात. मी रेघेवर.

माघ वद्य ५
मेळघाटात धारणीकडे निघालेला गाडीवान म्हणाला, "चाल बे, वाघ दाखवतो." वेशीपर्यंत गेलो. केशवरावांच्या पत्नी पार्बताबाई पाणी घेऊन येत होत्या. "काहून रे, पाटी सोडून कुठं चालला?" मागं फिरलो. माती लावून पळालेला म्हटलं की वऱ्हाडात कोणी पाणी देणार नाही. बाई जेवायला वाढतात मात्र पोटभर. वांग्याची भाजी तर –
शेषरावला विचारलं, आपणहून कोण येईल? तो हसला. "तू आला ना, लेका!"

फाल्गुन शुद्ध २
ठरलं! पौर्णिमेला अकोल्याशी सामना. त्यांचा पंजाबराव माशासारखा निसटतो म्हणे. निसटू दे. हरलो की केशवरावच हाकलतील.

फाल्गुन पौर्णिमा
नाही जमलं. पंजाबराव एकटाच उरला होता, समोर मी. मनात म्हटलं, जा बाबा. तो डावीकडे झुकला आणि माझा हात आपसूक गेला. त्याच्या पाठीत थाप! मैदान उसळलं. त्याचेच गडी त्याला शिव्या देत होते. केशवरावांनी मला मिठी मारली – "आता म्हातारा होईस्तोर सोडत नाही तुले!"
हा हात तोडून टाकावा.

फाल्गुन वद्य ३
ताप. काही नाही.

फाल्गुन वद्य ६
पंजाबराव आलाय! बोचकं घेऊन, पायी. ओट्यावर बसून पाय धुतोय. "अकोल्यात तोंड दाखवाची सोय नाही राहिली. तुह्या जागेवर मले उभं कर, भाऊ. कोणती माती लावा लागते म्हणे?"
रीत त्याला ठाऊक नाही. केशवराव उठून माती आणायला मैदानाकडे निघालेत. मी अजून बोललेलो नाही.