टोकन क्रमांक एक

११ जानेवारी, रविवार

गावच्या पंचांनी आज देवळात बैठक घेऊन महालक्ष्मीची यात्रा निश्चित केली. एकोणीस वर्षांनी. पाहुण्यांचे मुख्य जेवण ३ मे रोजी. हाती एकशे बारा दिवस.

भविष्याची चिंता ही केवळ नियोजनाच्या अभावातून उद्भवणारी व्याधी आहे, असे बेळगावच्या कचेरीतील तीस वर्षांच्या सेवेअंती माझे ठाम मत झाले आहे. म्हणून नवे रजिस्टर आणले. पहिल्या पानावर लिहिले: 'अनपेक्षित असे काहीही घडणार नाही.' खाली स्वाक्षरी व शिक्का. (शिक्का कचेरीचा पडला. खोडावा लागेल.)

मागील यात्रेत मटण संपले, आणि संपले ते नेमके आमच्या यशोदाआक्काच्या सासरची मंडळी पानावर बसल्यावर. थोरली बहीण न जेवता बोरगावला परत गेली, ती आजतागायत या उंबऱ्याला आलेली नाही. कारण: नियोजनशून्यता. त्या दिवशी वाढपाची सूत्रे माझ्या हाती होती, हा तपशील येथे अप्रस्तुत.

कल्याणी म्हणाली, ते रजिस्टर राहू द्या, बोरगावला जाऊन आक्कांना हाक मारून या.

पत्नीची सूचना नोंदवली. अनुक्रमांक १४.

१८ जानेवारी

आमच्याकडे यात्रेला ज्यास बोलावले तो येतो, त्याचा मेहुणा येतो, मेहुण्यास बसमध्ये भेटलेला गृहस्थही येतो. आणि पान प्रत्येकाला वाढायचे असते. पद्धत प्राचीन, परंतु अशास्त्रीय. उपाय: टोकन. चाळीस मिनिटांचा एक स्लॉट, स्लॉटमध्ये साठ पाने. गुगल फॉर्म तयार केला. रकाने: नाव, गाव, येणाऱ्यांची संख्या, तिखट सोसण्याची क्षमता (अल्प/मध्यम/उच्च).

गावचे घर मधल्या भिंतीने दोन बंधूंत विभागलेले. अलीकडचा भाग माझा, पलीकडचा धाकट्या भरमूचा. त्याला योजना विशद केली. त्याने शांतपणे ऐकून विचारले, "अण्णा, जेवायला बोलवायलास का दाखला द्यायलास?"

प्रतिक्रिया भावनिक. दुर्लक्ष केले.

टोकन क्रमांक एक आक्कासाठी राखीव. स्लॉट पहिला, दुपारी बारा.

२२ फेब्रुवारी, रविवार

बोरगाव भेट आज नियोजित होती. डाव्या टायरमधील हवा संशयास्पद वाटली. भेट पुढे ढकलली.

१ मार्च

पुढे ढकलली. पाहुण्यांची यादी अंतिम होण्यापूर्वी निमंत्रण देणे कार्यपद्धतीस धरून नाही.

८ मार्च

निघालो! साडी, नारळ, हळदकुंकू डिकीत. निपाणी ओलांडली. बोरगाव फाट्यावर गाडी थांबवली आणि विचार केला, की ऐन भोजनाच्या वेळी कोणाच्या दारात उभे राहणे अशिष्टपणाचे. वेळ सकाळी १०.२०. एक चहा घेतला. दुसरा घेतला. परतलो.

कल्याणीने विचारले, काय म्हणाल्या आक्का? चर्चा प्रगतिपथावर असल्याचे सांगितले. तिने जाऊन डिकी उघडून पाहिली. मग जोरात लावली.

१५ मार्च

निमंत्रणाचा प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवला. आक्काच्या मुलाच्या, निशांतच्या, फोनवर फॉर्म पाठवला. 'कृपया मातोश्रींकडून भरून घ्यावा.' सायंकाळपर्यंत निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. याचा अर्थ तत्त्वतः मान्यता.

२२ मार्च, पहाटे ५.१०

अकारण जाग आली. पडल्या पडल्या एक गणित सुटले. पुढील यात्राही एकोणीस वर्षांनीच धरली, तर आक्का तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची असेल.

गणित रजिस्टरात उतरवले. मग खोडले. शाई खालच्या पानावर उतरली.

केवळ अभिलेख पूर्ण असावा म्हणून वस्तुस्थिती नोंदवतो. त्या दिवशी भाऊजींना, म्हणजे आक्काच्या यजमानांना, मीच दोन पंगती थांबवले. माझे तत्कालीन साहेब सहकुटुंब आले होते. मी म्हणालो, भाऊजी, जरा थांबा, तुम्ही काय घरचेच. साहेबांनी तीनदा मटण मागितले. मी तीनदा वाढले. साहेब पुढच्याच महिन्यात बदलून गेले, आणि जाताना मला कोणत्या नावाने हाक मारायची हेही त्यांस आठवले नाही.

तरीही मूळ दोष नियोजनाचाच.

५ एप्रिल

फॉर्म पाठवले चारशे बारा. भरून आले सदतीस. त्यांपैकी चौघांनी स्लॉटच्या रकान्यात 'भरमूकडे' असे लिहिले आहे. असा स्लॉट नाही.

कचेरीतील शामू म्हणतो, "साहेब, यात्रेला टाइम घेऊन यायचं म्हणजे दातांच्या डॉक्टरकडं आल्यागत वाटायलंय." यावर बाकीचे हसले. या समाजास भविष्याचे भय वाटत नाही, हेच भयावह आहे.

पर्यायी योजना ब, क आणि ड तयार. ड ही योजना अ, ब आणि क एकाच वेळी फसल्यास.

१९ एप्रिल

पंगतीची रंगीत तालीम. उपस्थिती: मी, कल्याणी, कन्या सौम्या. साठ जणांसाठी निर्धारित केलेल्या चाळीस मिनिटांत आम्हां तिघांचे भोजन पूर्ण होऊ शकले नाही, कारण आरंभी सूचनावाचनास पंचवीस मिनिटे लागली. सौम्या म्हणाली, "पप्पा, भात गार झाला. आत्या येणार हाय का न्हाय, तेवढं सांगा की."

विषय क्रमाने घ्यावेत, असे तिला समजावले.

२ मे

साडी अजून डिकीत आहे. एवढेच.

३ मे, सकाळी ११.५०

मांडव, ताटे, मटण, सर्व सिद्ध. प्रवेशद्वारी टेबल मांडून बसलो आहे. टोकने क्रमवार.

१२.००

पहिला स्लॉट आरंभ. टोकन क्रमांक एक अनुपस्थित. तिच्याआधी अन्य कोणास बसवणे म्हणजे मागील प्रमादाची पुनरावृत्ती. मांडव रिकामा राखून ठेवला.

१२.२५

सांबऱ्याहून चौदा जण. टोकन एकाकडेही नाही. कार्यपद्धती समजावली. त्यांनी "बरं, बरं" म्हणून ऐकून घेतले आणि भरमूच्या दारात शिरले.

१.३०

पहिल्या स्लॉटला मुदतवाढ. सदतिसांपैकी नऊ जण आले. भिंतीपलीकडचा कल्लोळ ऐकून "आलो हं" म्हणाले. आलेले नाहीत.

२.१५

दुसरी मुदतवाढ. एक कुत्रे आले. तेही पुढे गेले.

३.००

भरमू भिंतीवरून डोकावला. "अण्णा, तुझ्याकडचं मटण हाय तसंच हाय न्हवं? सोड इकडं. माणूस मावंना झालंय."

पातेली गेली. पातेल्यांपाठोपाठ कल्याणी गेली, सौम्या गेली. मी जागा सोडली नाही. प्रवेशद्वारी कोणीतरी जबाबदार व्यक्ती हवी.

४.४०

क्षुधा अनावर. पाहणीच्या निमित्ताने पलीकडे जात आहे.

सायंकाळी ७.००

भरमूच्या अंगणात पदर खोचून, हातात पळी घेऊन वाढत होती ती यशोदाआक्का.

केस पांढरे झाले आहेत. आवाज तोच.

चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे. भरमू जानेवारीतच बोरगावला जाऊन आला. म्हणाला, "बसनं गेलतो, च्या पिऊन आलतो. तेवढंच की." आज सकाळी आक्का व भाऊजी त्याच्या मागच्या दाराने आली. कल्याणीला सर्व ठाऊक होते. मला का कळवले नाही, असे विचारता म्हणाली, "तुम्ही त्यांना फॉर्म भरायला लावला असतात."

मी पुढे झालो. आक्काने वर पाहिले. एकोणीस वर्षांत सिद्ध केलेली तीन वाक्ये माझ्यापाशी होती. त्यांतील एकही वेळेवर उपस्थित झाले नाही. म्हणून निमूट एका रिकाम्या पानावर बसू लागलो. तर आक्का चारचौघांत म्हणाली, "नाग्या, थांब रं जरा. पाव्हणं जेवूदेत आधी. तू काय घरचाच."

पंगतीत बसलेल्या भाऊजींनी मान वर केली नाही. मिशी मात्र हलली.

दोन पंगती उभा राहिलो. माझे पान आले तेव्हा मटण संपले होते. माझ्याच पातेल्यांतले. भात आणि रस्सा मिळाला. रस्सा फार तिखट असावा. डोळ्यांतले पाणी थांबेना. फॉर्ममध्ये माझी क्षमता मी 'उच्च' अशी नोंदवली होती.

४ मे, सोमवार

अंतिम अहवाल. उद्दिष्ट: आक्काने यात्रेस येणे. आक्का आली. सबब योजना यशस्वी.

सकाळच्या बससाठी तिला व भाऊजींना गाडीने स्टँडवर पोहोचवले. साडी डिकीतून काढून दिली. तिने घडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही मार्चात फाट्यापतोर आलती न्हवं? च्याच्या टपरीवाला निशांतचा दोस्त हाय." मी बसच्या वेळापत्रकाचे अवलोकन केले.

बस लागली. पायरीवर चढता चढता तिने विचारले, "बोरगावला कवा येतोस?" म्हटले, तारीख पाहून कळवतो. तिने पिशवीतून स्टीलचा एक डबा काढून माझ्या हातात कोंबला आणि आत जाऊन बसली.

घरी येऊन उघडला. मटण होते. सहा फोडी. काल सर्वांच्या आधी काढून ठेवलेल्या.

डबा स्वतः घासून पुसून ठेवला आहे. तो परत नेऊन देणे प्राप्त आहे, आणि रिकामा नेता येत नाही. काय भरून न्यावे, कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने, याची यादी करावयास घेतली होती. परंतु कल्याणीने माझ्या हातातले पेन काढून घेतले आणि डब्यावर गाडीची किल्ली आणून ठेवली.

हे पेन्सिलीने लिहीत आहे.