निळी केलेली गच्ची

मंगळवार, सेक्टर २, भिलाई

डोकं फिरलं आहे माझं. आमच्या कॉलेजच्या थ्रिलर फिल्मचं एडिटिंग हुडको कॉलनीत तेजसच्या घरी चालू आहे. आज त्यानं गच्चीचा सीन दाखवला, अन् सगळा निळा! स्टील प्लांटात लोखंडाचा वितळलेला मळ, स्लॅग, ओततात तेव्हा आभाळ लाल होते. त्याच लाल उजेडात आमच्या हिरोइनले खुन्याचं तोंड दिसते. सारी कहाणी तिथंच फिरते. त्या उजेडासाठी चार संध्याकाळी मच्छर मारत बसलो आम्ही. अन् यानं फ्रेम कापून आभाळच काढून टाकलं! मग तिनं खुनी ओळखला कसा?

"अरे यार, लाल दिसलं का कॅमेऱ्याची गलती वाटते," तो म्हणे. "थ्रिलरले निळाच लूक पाहिजे."

भिलाईतच जन्मला न हा? का मीच कावून इतकी पेटली?

तेवढ्यात खिडकीबाहेर आभाळ पेटलं. भिंत, कीबोर्ड, तेजसचं तोंड, सगळं लाल. मी ओरडली, "पाह्य आता!"

तो उठला अन् त्यानं पडदा ओढून घेतला. म्हणे, "याच्यानं स्क्रीनवरचा कलर बराबर दिसत नाही."