एकोणसाठ मुले, एक उंट आणि अडीच एकर ऊस

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
एम. एड. प्रबंध चौकशी समिती,
मुक्काम नगर.

अर्जदार : मोझेस प्रभुदास साळवे, वय ७१, धंदा अर्जनवीस (बसण्याची जागा : तालुका कचेरीचा ओटा), राहणार मौजे सावरखेडी, तालुका नेवासा, जिल्हा अहमदनगर.

विषय : कु. दीना दानिएल पगारे हिच्या प्रबंधातील खोटेपणा अर्जदाराचा असून तो अर्जदाराच्याच नावे लागण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. २८ जुलै १९७३. सुनावणी दि. २० ऑगस्ट.

महोदय,

कारणे अर्ज सादर करतो की, कु. दीना ही माझ्या मुलीची मुलगी. श्रीरामपूरला शिक्षिका होती. शैक्षणिक मानसशास्त्र घेऊन एम. एड. व्हायचे म्हणून तिने कायम झालेली नोकरी सोडली आणि ठरत आलेले लग्नही मोडू दिले. दुष्काळी गावातील मुलांची कल्पनाशक्ती हा तिचा विषय. त्यासाठी तिने गेल्या डिसेंबरात आमच्या गावच्या शाळेतील साठ मुलांना एकेक करून बारा चित्रे दाखवली आणि प्रत्येक चित्रावर गोष्ट सांगायला लावली. त्यांपैकी एकोणसाठ मुलांच्या गोष्टी शब्दाला शब्द जुळतात, सबब त्या तिने घरी बसून रचल्या असाव्यात, प्रबंध रद्द करून तिला परीक्षेस कायमची बंदी का घालू नये, असे नोटिशीत विचारले आहे.

२. गोष्टी घरी बसून रचल्या हे बरोबर आहे. फक्त घर माझे होते आणि बसलो मी होतो.

३. हे कसे घडले ते सांगतो. चित्रांची पेटी माझ्याकडे ठेवून दीना आठवडाभर नगरला गेली होती. तेवढ्यात गावात बोलवा उठली की बाई मुलांची अक्कल मोजायला आली आहे, आणि जे पोर मठ्ठ निघेल त्याची शाळेतली सुकडी बंद. साहेब, गेल्या साली कित्येक घरांत त्या सुकडीवरच पोरांचा दिवस निघत होता. रविवारची उपासना आटोपून मी घरी येतो तो ओट्यावर बायका बसलेल्या. त्यांच्या वतीने लंकाबाई बोलली, "साळवेबाबा, पोरांनी काय जबानी द्यायची ती बसवून द्या. एकानं एक अन् दुसऱ्यानं दुसरं, आसं नको."

आता आमच्या गावची रीत अशी, की तलाठी येवो, फौजदार येवो की देवी टोचणारा येवो, साहेबापुढे जायच्या आधी गाव माझ्याकडे येते आणि मी सर्वांची मिळून एक जबानी बांधून देतो. त्यामुळे चाळीस वर्षांत आमच्या गावात साक्ष फुटली नाही. या चाचणीत बरोबर-चूक असे काही नसते, ज्याने त्याने आपल्या मनाचे सांगायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. सरकारी कागदावर आपल्या मनाचे सांगायचे, असे मी तोवर ऐकलेले नव्हते. मी पेटी उघडली, चित्रागणिक एक गोष्ट बांधली आणि चार दिवस दुपारी मुलांकडून पाढ्यासारखी घोकून घेतली.

४. चित्र क्रमांक सात, पडकी विहीर. त्यावर माझी गोष्ट अशी : विहिरीत उंट पडला. त्याने सगळे पाणी पिऊन टाकले. मग गावाने उंटालाच मोट लावली आणि अडीच एकर ऊस भिजवला. नोटिशीत विचारणा आहे की एकोणसाठ मुलांच्या उत्तरांत उसाचे क्षेत्र अडीच एकरच कसे. तर साहेब, माझ्या धंद्यात मोजमाप घातल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नुसता ऊस लिहिला की साहेबाला संशय येतो. अडीच एकर लिहिले की तो मान डोलावतो. उंट कोणाच्याही नजरेस खटकत नाही. आपल्या नोटिशीतही उंटाविषयी एक शब्द नाही.

५. दीनाने मुलांनी सांगितले ते तसेच उतरवून घेतले. उत्तरे सारखी का आली याचा उलगडा होत नाही, हे तिने पान ७१ वर स्वतः लिहून ठेवले आहे. लबाडी करणारा असे लिहीत नाही. हे मी धंद्याच्या माहितीवरून सांगतो.

६. नोटीस आल्यावर मी तिच्यापाशी सर्व कबूल केले. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने पुस्तके पत्र्याच्या पेटीत भरली, पेटी खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही आता खरं बोललात तरी लोक हसतीलच." त्या दिवसापासून ती चहापुरती उठते.

७. तिचे म्हणणे खोटे पडावे म्हणून मी प्रतिज्ञापत्र घेऊन आपल्या कार्यालयात आलो होतो. खिडकीवर आबासाहेब नावाचे लेखनिक आहेत. पूर्वी मीच त्यांना बदलीचा अर्ज लिहून दिला होता. त्यात त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू, आईला मोतीबिंदू आणि बैलाला लाळ्या असे मी लिहिले होते. बदली झाली. वडील अजून तालमीत जोर काढतात. आबासाहेबांनी मला ओळखले आणि पोट धरून हसले. मी पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगतो म्हणालो, तर म्हणाले, "साळवेबाबा, तुम्ही हात ठेवलात तर शास्त्रावर संशय येईल." कागद घेतला नाही. त्यांचा दोष नाही. त्यांच्या जागी मीही घेतला नसता.

८. म्हणून वाटले, मुलेच साक्षीला आणावीत. शाळेत जाऊन त्यांना बजावले की यावेळी जे घडले तेच सांगायचे, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या दिवशी शाळेवरून जाताना आतून आवाज आला. एकोणसाठ मुले एका सुरात म्हणत होती, "आमाला साळवेबाबांनी पढवलं, आमाला साळवेबाबांनी पढवलं." साहेब, ते अक्षरशः खरे होते आणि ऐकताना माझाच त्यावर विश्वास बसेना. तरी कृपा करून मुलांना बोलावू नये. ती खरे बोलतील आणि पोरगी हकनाक बुडेल.

९. त्याऐवजी मला बोलवावे. मी कधी न पाहिलेले चित्र पाकिटात बंद करून आणावे. समितीसमोर मी उभ्या उभ्या गोष्ट सांगतो, आणि ती या एकोणसाठ उत्तरांशी ताडून पाहावी. हात एकच आहे हे कोणाही जाणत्याला कळेल. लागल्यास साठ चित्रे आणावीत. दमा आहे, पण मधे पाणी मिळाले तर संध्याकाळपर्यंत बोलू शकेन. माझ्यावर फिर्याद व्हावी, ओट्यावरची जागा काढून घ्यावी, त्याला हरकत नाही. दीनाला मात्र दुसऱ्या गावी नव्याने चाचणी घेण्याची एक संधी द्यावी. ते गाव कोणते हे मला कळू देऊ नये.

१०. एवढेही न जमल्यास शेवटचे मागणे. नोटिशीत साठाव्या उत्तरावर लाल शाईने 'इतरांशी विसंगत' असा शेरा आहे. हे उत्तर मुक्ताबाईच्या छबूचे. मुक्ताबाई त्या दिवसांत पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती आणि पोर तिच्याजवळच असे, त्यामुळे ती माझ्या तालमीत सापडली नाही. चाचणीला थेट खडीवरून आली. चित्र क्रमांक चार, बंद दाराशी खाली बसलेली बाई. त्यावर मी बांधलेल्या गोष्टीत बाईचा नवरा काबूलला हिंग आणायला गेला आहे आणि त्याला अकरा वर्षे, तीन महिने झाले आहेत. छबूने चित्र पाहिले आणि म्हणाली,

"बाईनं दार लावलंय. आत हंडाभर पानी हाय. शेजारीन मागून रिकामी गेली, म्हून ती रडती."

महोदय, ओट्यावर बसून मी हजारो लोकांची दुःखे लिहिली आणि नसली तिथे घातली. हे वाक्य मला कधी सुचले नाही. दीना लाडात वाढली, तिलाही सुचले नसते. तिने तेवढ्या एका उत्तरासाठी सोळा पाने लिहिली आहेत. एकोणसाठांचे काय करायचे ते करावे, पण ती सोळा पाने वाचल्याशिवाय पोरीच्या नावावर रेघ ओढू नये, एवढ्याकरिता म्हाताऱ्याने हा अर्ज केला आहे.

आपला नम्र आणि या खेपेस खरा,
मोझेस प्रभुदास साळवे
मौजे सावरखेडी, दि. ९ ऑगस्ट १९७३

सोबत :
१) प्रतिज्ञापत्र, खिडकीवरून परत आलेले.
२) बारा गोष्टींचा मूळ कच्चा मसुदा, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.
३) छबूच्या उत्तराची नक्कल. अर्जदाराने त्यात काहीही घातलेले नाही.